मागच्या रांगेतले स्विच कंट्रोलरच्या ताब्यात कसे आणायचे

कंट्रोलरची (स्विचना पॅकेट कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या प्रोग्रॅमची) केबल फक्त पहिल्या स्विचला, दुसरा त्याच्या मागे, तिसरा दुसऱ्याच्या मागे. अशा वेळी वेगळं मॅनेजमेंट नेटवर्क नसलं तरी ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचमधल्या इन-बँड कंट्रोलवर, म्हणजे डेटाच्याच केबलवरून कंट्रोलरशी बोलण्यावर, काम भागतं. समजा कंट्रोलर १०.०.०.१ वर, पोर्ट ६६५३, स्विच १०.०.०.११, १२ आणि १३.

कामाला पहिल्या स्विचपासून लागा. पुढचा जोडला गेल्याशिवाय मागच्याला वाट मिळत नाही. प्रत्येकाचा आयपी फिजिकल पोर्टवर ठेवू नका, ब्रिजच्या (ओपन व्हीस्विचमधल्या आभासी स्विचच्या) लोकल पोर्टवर, म्हणजे ब्रिजच्याच नावाच्या पोर्टवर द्या. पोर्ट ब्रिजमध्ये गेला की त्यावरचा आयपी निकामी होतो. हे एसएसएचवरून (नेटवर्कवरून दूरच्या लॉगिनने) करत असाल तर आयपी हलवण्याच्या सगळ्या कमांड एकाच स्क्रिप्टमध्ये घाला, नाहीतर पहिल्याच कमांडला सेशन तुटेल आणि कन्सोल केबल शोधावी लागेल. मग तिन्हींना कंट्रोलरचा तोच पत्ता द्या, कनेक्शन-मोड इन-बँड करा आणि 'डिसेबल-इन-बँड' कुठे ट्रू राहिलेलं नाही ना, ते बघा.

पत्ता आणि पोर्ट सगळीकडे तेच का? इन-बँड चालू असलेला स्विच ६५५३५ पेक्षा वरच्या प्रायॉरिटीचे छुपे फ्लो (पॅकेटचं काय करायचं ते सांगणारे नियम) स्वतःच टाकतो. त्यांतून त्याच्या स्वतःच्या कंट्रोलरचं एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता शोधणारी पॅकेट) आणि त्या आयपी-पोर्टचं टीसीपी (प्रत्यक्ष कनेक्शन) जाऊ दिलं जातं, मग ते मागच्या स्विचचं का असेना. पहिल्याला ६६३३ आणि दुसऱ्याला ६६५३ दिलात, तर पहिला दुसऱ्याचं टीसीपी ओळखणारच नाही. हे फ्लो नेहमीच्या 'ओएफसीटीएल'च्या डंपमध्ये दिसत नाहीत. 'ॲपसीटीएल'च्या ब्रिज डंप-फ्लोजमध्ये दिसतात.

फेल-मोड सिक्युअर असेल (कंट्रोलर नसताना स्विच स्वतःहून पॅकेट पुढे पाठवत नाही) आणि कंट्रोलरने अजून फ्लो टाकले नसतील, तर कंट्रोलरला पिंग जाणार नाही. छुप्या फ्लोंमध्ये आयसीएमपीला, म्हणजे पिंगच्या पॅकेटना, जागाच नाही. पिंग नाही म्हणून केबल उपटू नका. 'व्हीएससीटीएल शो'मध्ये कंट्रोलरखाली 'इज-कनेक्टेड: ट्रू' आहे का ते बघा. मागच्या स्विचवर एसएसएच हवं असेल तर त्याचे फ्लो कंट्रोलरकडूनच टाकायला हवेत.

स्विच वर्तुळात जोडले असतील तर आधी एसटीपी (लूप तोडणारा प्रोटोकॉल) चालू करा. छुपे फ्लो पॅकेट नेहमीच्या लर्निंग स्विचसारखे पुढे पाठवतात, त्यामुळे लूपमध्ये एआरपी गरगरत राहतं.

नवा पोर्ट जोडल्यावर कनेक्शन अचानक गेलं, तर ब्रिजचा मॅक बदलला असण्याची शक्यता मोठी. तो 'एचडब्ल्यूॲड्र' देऊन पक्का करा. डेटाच्या गर्दीत कनेक्शन सारखं पडत असेल तर इनॲक्टिव्हिटी प्रोब (कनेक्शन शांत असल्यास ते जिवंत आहे का हे तपासण्याची मुदत) ५००० मिलिसेकंदांवरून १५००० करा.

इन-बँड नसलेल्या स्विचवर मात्र एआरपी आणि टीसीपीचे दोन्ही दिशांचे, असे चार फ्लो हाताने टाकावे लागतात. काही कंट्रोलर जोडणी होताच सगळे फ्लो पुसतात, त्यात हे चारही जातात आणि मागची रांग गप्प होते. म्हणून पुसल्यावर लगेच हेच चार आधी परत टाकणारा कोड कंट्रोलरवरच्या ॲपमध्ये ठेवा.