गिटार रंगवायला काढण्याआधी : नागपुरातल्या घरासाठी तयारीची यादी

पहिली तयारी कॅलेंडरची. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटार घरी रंगवायची असेल तर रंग कोणता हे नंतर बघा, आधी दिवस ठरवा, कारण नागपूरची हवा वर्षातले बरेच महिने या कामाला साथ देत नाही. मी पहिल्यांदा हे काम जुलैत काढलं होतं. दोन दिवस उघाड दिसली म्हणून एनसी लॅकरचा, म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा, हात मारला आणि काही मिनिटांत काळ्याभोर बॉडीवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पडदा धरला. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्या थंड जागेवर बसतं आणि वाळणाऱ्या थरात अडकून राहतं. तो सगळा थर मला घासून काढावा लागला. मे महिन्यात याच्या उलट होतं. ४५ अंशांच्या झळांमध्ये स्प्रेचे थेंब लाकडावर पोचायच्या आधीच अर्धे वाळतात आणि वरून हात फिरवला तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं वाटतं. त्यात कूलर लावला तर खोलीत ओल भरते. पोळा झाला, मारबत निघाली, तरी हवेतली ओल जात नाही. कोजागिरीनंतर नोव्हेंबर संपेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले, त्याखालोखाल फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला गच्ची पतंगवाल्या पोरांची असते, तेव्हा तिथे ओली बॉडी टांगायचा विचारही करू नका.

एकूण किती दिवस लागतील तेही आताच लिहून ठेवा. खोलणं आणि घासणं यात दोन शनिवार-रविवार जातात, रंगाला साधारण आठवडा लागतो आणि एनसी लॅकर असेल तर शेवटच्या हातानंतर तीन ते चार आठवडे बॉडी नुसती टांगून ठेवायची. म्हणजे पुढच्या दोन महिन्यांत कुठे वाजवायचं ठरलं असेल तर ही गिटार काढू नका, किंवा तोपर्यंत मित्राची मागून ठेवा. घाई फक्त या वाळण्याच्या टप्प्यात होते आणि केलेलं सगळं काम तिथेच वाया जातं.

जागा दोन लागतील. घासायला गच्ची किंवा अंगण चालेल, पण रंगाला वारा न लागणारी आणि तरीही खिडकी उघडी राहणारी खोली हवी. आदल्या दिवशी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि पंखा बंद ठेवा, कारण पंखा सगळी धूळ उचलून ओल्या रंगावर आणून टाकतो. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेली खोली नको आणि देवघरात समई लावलेली असताना तर मुळीच नको. संध्याकाळी दव पडायच्या आत बॉडी घरात यायला हवी. ती टांगायला छताला एक आकडा आणि नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, खाचेत बसेल अशी हातभर लांबीची लाकडी पट्टी तयार ठेवा. नेकच्याच भोकांतून ती पट्टी स्क्रूने आवळली की बॉडीला बोट न लावता चारी बाजू फिरवता येतात.

मास्कच्या बाबतीत तडजोड नको. घासताना धुळीचा मास्क पुरतो, पण थिनरची वाफ तो अडवत नाही. त्यासाठी काडतूस बसवलेला, सेंद्रिय वाफेसाठीचा मास्कच आणा. गाड्यांना मारतात तो हार्डनर मिसळायचा टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग) घरात वापरू नका. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. तशीच चकाकी हवी असेल तर घासलेली बॉडी सरळ डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडे स्प्रे गन असते आणि हातही बसलेला असतो.

आता खोलायची तयारी. स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पाटी) उलटा केल्यावर प्रत्येक वायरचा जवळून एकेक फोटो पुन्हा घ्या. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलच्या घडणीच्या गिटारला पिकगार्डचे बहुधा ११ स्क्रू, नेकचे ४ आणि जुन्या पद्धतीच्या ट्रेमोलो ब्रिजचे (तारा अडकवायचा, दांडीने हलणारा धातूचा भाग) ६ असतात, आणि ते सगळे वेगवेगळ्या लांबीचे. अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या, एका खळग्यात एका जागेचे स्क्रू ठेवा आणि वर चिकटपट्टीवर नाव लिहा. नॉब पक्कडीने ओढू नका. खालून सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोन्ही टोकं वर खेचली की तो सरळ सुटून येतो.

नेक निघाली की तिच्या खाचेत टॉर्च मारा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं बघणं हेच आहे. खाचेच्या काठावर जुन्या रंगाचा थर आडवा कापल्यासारखा दिसतो. स्वस्त गिटारवर तो पॉलिएस्टरचा असतो आणि जाडी जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंत भरते. त्याच्या खाली कच्चं लाकूडही दिसतं. बॉडी किती तुकडे जोडून केली आहे, वर पातळ व्हिनियर (चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) आहे का, हे इथेच कळतं. लाकडाची नक्षी दाखवणारा पारदर्शक रंग द्यायचं डोक्यात असेल आणि खाली चार-पाच तुकड्यांचे सांधे निघाले, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

पॉलिएस्टर पेंट रिमूव्हरला दाद देत नाही. तो हीट गनने मऊ करून पट्टीने उचलावा लागतो आणि गन एकाच जागी क्षणभर जास्त थांबली तर लाकूड करपतं. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याला माझा सल्ला असा की जुना थर काढूच नका. तो सपाट आणि टणक आहे, खालची छिद्रं आधीच भरलेली आहेत, ३२० नंबरच्या पेपरने त्याची चमक मारली की नव्या रंगाला यापेक्षा चांगला पाया नाही. लाकूडच दाखवायचं असेल तरच तळापर्यंत जा. मग १२०, १८०, २२० असे पेपर रेषेच्या दिशेने चालवायची तयारी ठेवा. अ‍ॅश किंवा महोगनी निघालं तर छिद्रं भरायला फिलर लागेल, अल्डर किंवा बासवुडला सँडिंग सीलरवर भागतं.

सामान एकाच फेरीत आणा. इतवारीतल्या रंगाच्या दुकानात प्रायमर, रंग, लॅकर आणि थिनर एकाच कंपनीचं आणि एकमेकांना चालणारं आहे ना, ते विचारून घ्या. जुन्या ॲक्रिलिकवर एनसी लॅकर मारलं तर कधी कधी खालचा थर सुरकुततो. एका बॉडीला ४०० मिलीचे प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक लॅकरचे, तीन स्प्रेचे डबे धरा. गाडीचा रंग गिटारला कसा, असं कुणी म्हणालं तर सांगा की फेंडरने १९५० आणि ६० च्या दशकांत ड्यूपाँटचे मोटारींसाठीचे रंगच गिटारवर मारले होते. ८००, १०००, १५०० आणि २००० चे वॉटर पेपर, मास्किंग टेप आणि गांधीबागेतून मीटरभर मऊ मलमल घ्या. लकडगंजातल्या एखाद्या वखारीतून फळीचा तुकडा मागून आणा आणि प्रत्येक हात आधी त्यावर मारून बघा. स्प्रे २० ते २५ सेंटीमीटरवरून, बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, ही सवय त्या फळीवरच लागते. ओघळ यायचे असतील तर तेही तिथेच येऊ द्या.

थिनरच्या वाफेचा त्रास ज्यांना नकोच आहे त्यांच्यासाठी आपल्या विदर्भातली जुनी वस्तू आहे, चपडी लाख. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर वाढणारी हीच लाख शुद्ध करून, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, मलमलच्या बोळ्याने पातळ पातळ चढवतात. फर्निचरवाल्या जुन्या कारागिराला हात फिरवताना एकदा उभं राहून बघा. बोळा लाकडावर कधीच थांबत नाही, तो सरकत येतो आणि सरकतच निघून जातो. लाखेचा थर घामाने आणि उष्णतेने लवकर खराब होतो, पण दुरुस्तही तितक्याच सहज होतो, आणि मला स्वतःला तिचा मधासारखा रंग कुठल्याही डब्यातल्या रंगापेक्षा आवडतो.

टेप कुठे लावायची याची वेगळी खूणगाठ बांधा. नेकची खाच पूर्ण झाका. तिथे रंगाचे चार हात चढले तर नेक अडते, आणि जोर देऊन बसवली की कोपऱ्यावरचा नवा रंग तडकतो. ब्रिजच्या खुंट्यांची भोकं झाका. फेंडरचीच टेलिकास्टर असेल तर ब्रिजच्या पत्र्याखाली येणारी अर्थची वायर झाका, तिच्यावर रंग बसला तर तारांना अर्थ मिळत नाही आणि घूं आवाज सुरू होतो.

वायरिंगमध्ये बदल करायचे असतील तर बॉडी वाळत असतानाचे आठवडे त्यासाठीच आहेत. ४० वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, मल्टिमीटर आणि चिकट बाजूनेही वीज वाहणारी तांब्याची टेप लागेल. एका गुंडाळीच्या म्हणजे सिंगल कॉइल पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) २५० किलो-ओहमचे पॉट (नॉबखालचे व्हॉल्यूम-टोनचे रेग्युलेटर) आणि दोन गुंडाळ्यांच्या हम्बकरला ५०० चे, एवढं लक्षात ठेवून खरेदी करा. जुने पिकअप काढण्याआधी मल्टिमीटरवर मोजून वहीत लिहा, सिंगल कॉइल बहुधा ६ ते ७ किलो-ओहम दाखवतो. घूं आवाज कमी करायला टेपने पिकअपची पोकळी मढवायच्या आधी घरातल्या ज्या सॉकेटला अ‍ॅम्प लावता त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यात किंवा चाळीत ते नसेल तर गिटारमध्ये कितीही तांबं भरलं तरी तो आवाज जाणार नाही, आणि तारांना हात लावणं धोक्याचंही आहे.

वाळायला टांगलेल्या बॉडीच्या पट्टीवर शेवटच्या हाताची तारीख लिहून चिकटवा. गिटारच्या स्टँडला रबर असेल तर त्यावर सुती कापड शिवून ठेवा, कारण रबर एनसी लॅकरला चिकटून डाग पाडतं. नव्या तारांचा, ०९ ते ४२ चा (इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी) संच आणा, पण पाकीट फोडू नका. चार आठवडे झाले की नाक बॉडीच्या अगदी जवळ न्या. थिनरचा वास अजून येत असेल तर पाकीट परत कपाटात ठेवा आणि आणखी आठवडाभर थांबा.