संवाद घुमतात? आरसा घ्या, चादर टांगा

जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये ५.१ सिस्टीम (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर) लावली, तर सिनेमातले संवाद विहिरीतून आल्यासारखे. खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. टाळी वाजवली की मागे झणझण ऐकू यायची. नवे स्पीकर घेण्याआधी हे करून बघा:

१. नेहमीच्या जागी बसा. घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला आरसा सपाट धरून हळूहळू सरकवायला सांगा.
२. बसल्या जागेवरून आरशात पुढचा स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलीने खूण करा; आवाज तिथेच आपटून कानाकडे येतो. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरही तसंच.
३. खुणेवर सोलापुरी चादर टांगा. एकेरी नको, दुहेरी घडी घाला. भिंतीला चिकटवूही नका. पडद्याच्या दांडीवर, चार बोटं पुढे लटकू द्या. या फटीनेच जास्त फरक पडतो.

आमच्याकडे दोन जुन्या चादरींत काम झालं. पाहुणे विचारतात, वाळत घातल्यात का!

मात्र सबवूफरची घरघर चादरीने जात नाही. त्यासाठी तो कोपऱ्यातून हात-दीड हात बाहेर ओढा.