मत्स्यालयातील हिरवे पाणी नितळ कसे करावे

मत्स्यालयाच्या काचेवर किंवा दगडांवर धरणारे शेवाळ आणि सगळ्या पाण्यालाच हिरवा रंग आणणारे शेवाळ ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पहिले खरवडून काढता येते. दुसरे मात्र पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचे असते आणि त्याच्या पेशी इतक्या सूक्ष्म असतात, की फिल्टरच्या साध्या स्पंजातून त्या आरपार निघून जातात. त्यामुळे फिल्टर व्यवस्थित चालू असूनही पाणी दिवसेंदिवस गडद होत गेले, तर त्यात फिल्टरचा दोष असेलच असे नाही.

उपाय करण्यापूर्वी निदान पक्के करावे. टाकीतले पाणी एका स्वच्छ काचेच्या पेल्यात घेऊन पेल्यामागे पांढरा कागद धरला, की रंग स्पष्ट दिसतो. पाणी पोपटी किंवा हिरवट दिसले आणि रात्रभर पेला स्थिर ठेवूनही तसेच राहिले, तर ते तरंगते शेवाळ समजावे. दुधाळ पांढरट गढूळपणा बहुधा जिवाणूंचा असतो आणि नव्या टाकीत तो सहसा आपोआप ओसरतो. चहासारखी पिवळसर छटा टाकीतल्या लाकडातून उतरते. या दोन्हींना पुढील उपाय लागू पडत नाहीत.

पाणी हिरवे झाल्यावर बहुतेक जण सर्वप्रथम पाणी बदलतात, आणि नेमका तोच उपाय एकटा पुरा पडत नाही. भरपूर प्रकाश आणि पोषक द्रव्ये मिळाली, तर या पेशी साधारण एका दिवसात दुप्पट होऊ शकतात. म्हणजे आज निम्मे पाणी काढून जे साधले, ते उद्यापर्यंत भरून निघते. टाकी पूर्ण रिकामी करून घासूनपुसून पुन्हा मांडणे तर त्याहून वाईट, कारण त्यात माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले आणि खडीतले उपयुक्त जिवाणू नाहीसे होतात, अमोनिया वाढतो, माशांना त्याचा त्रास होतोच आणि शेवाळालाही आयते खाद्य मिळते.

माझ्या मते पहिला प्रयत्न संपूर्ण अंधाराचा करावा, कारण त्याला जवळपास काहीच खर्च नाही. आधी कुजलेली पाने काढावीत, तळातील घाण नळीने ओढून घ्यावी आणि एकतृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. मग दिवा बंद करून टाकी चारही बाजूंनी आणि वरून जाड काळ्या कापडाने किंवा पुठ्ठ्याने झाकावी. फटीतून येणारी उजेडाची तिरीपसुद्धा शेवाळाला तग धरू देते. मात्र हवा खेळती राहील इतपत सैलपणा वर ठेवावा आणि तापणाऱ्या उपकरणांवर कापड टेकू देऊ नये. ही स्थिती तीन ते चार दिवस टिकवावी. निरोगी, वाढ झालेले मासे एवढे दिवस खाद्याशिवाय सहज राहतात. पिल्ले राहत नाहीत, म्हणून पिल्लांच्या टाकीत हा उपाय करू नये.

या काळात एअर पंप अखंड चालू ठेवावा, यात सवलत नाही. अंधारात शेवाळ प्राणवायू तयार करण्याऐवजी वापरते, आणि मेलेल्या पेशी कुजतानाही तो खर्ची पडतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर झाकण काढून ताबडतोब पाणी बदलावे.

आवरण काढल्यावर पाणी राखाडी, धुरकट दिसले तर घाबरू नये. त्या मृत पेशी असतात. लगेच निम्मे पाणी बदलावे, फिल्टरमध्ये दाट पांढरा फायबर घालावा आणि स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, नळाखाली धुऊ नये. मेलेल्या शेवाळातून अमोनिया सुटतो, म्हणून पुढचे काही दिवस चाचणी संचाने तो तपासून गरजेप्रमाणे आणखी पाणी बदलावे. जावा फर्न आणि अन्युबियास या वनस्पती हा अंधार निभावून नेतात. भरभर वाढणाऱ्या नाजूक वनस्पती थोड्या फिक्या पडतात.

अंधाराने भागले नाही, किंवा टाकी मोठी असून झाकणे अवघड असेल, तर अतिनील दिव्याचे उपकरण, ज्याला बाजारात यूव्ही स्टरिलायझर म्हणतात, सर्वांत खात्रीचे. बंदिस्त नळीतून पाणी दिव्याजवळून संथपणे वाहते, त्यातल्या पेशी निकामी होतात आणि बहुधा आठवडाभरात पाणी निवळते. फिल्टरमधल्या आणि खडीतल्या जिवाणूंना त्याचा उपद्रव नाही, कारण ते पाण्यात तरंगत नसून पृष्ठभागांना चिकटून राहतात. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, आणि माशांना औषध देताना उपकरण बंद ठेवावे, कारण काही औषधे या किरणांनी निष्प्रभ होतात. शेवाळनाशक रसायने मी शेवटच्या क्रमांकावर ठेवतो: सगळे शेवाळ एकदम मेले तर प्राणवायू घसरतो, आणि तांबे असलेली रसायने कोळंबी व गोगलगायींना घातक ठरतात.

पाणी नितळ झाल्यावर कारण शोधले नाही, तर काही आठवड्यांत हिरवेपणा परततो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टाकी हलवावी किंवा त्या बाजूची काच झाकावी. दिवा टायमरवर लावून रोज सहा ते आठ तासच चालवावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. तळाशी गेलेला प्रत्येक दाणा शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट या पोषक द्रव्यांच्या रूपाने पाण्यात उतरतो. माशांची गर्दी असेल तर ती कमी करणे हा उपाय अनेकांना नकोसा वाटतो, पण त्याला पर्याय नाही. हॉर्नवर्टसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती लावल्या, तर त्या शेवाळाच्या वाट्याची पोषक द्रव्ये शोषून घेतात आणि तरंगत्या वनस्पती सावलीही धरतात.

एवढे करूनही पाणी पुन्हा पुन्हा हिरवे होत असेल, तर टाकीत ओतण्यापूर्वी नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याचीच नायट्रेट व फॉस्फेटची चाचणी करून पाहावी. मूळ पाण्यातच ही द्रव्ये जास्त असतील, तर दर वेळी पाणी बदलणे म्हणजे शेवाळाला खत घालणेच ठरते. अशा टाकीत वनस्पतींची संख्या वाढवावी आणि अतिनील दिवा कायम चालू ठेवावा.