पुण्याहून स्टुटगार्टला: स्टीअरिंग हातात घेण्याआधी

चाकण-हिंजवडीकडून बदलून आलेली नवी मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, उजव्या बाजूने चालवायची सवय कधी होते?" लवकर होते, तिची फार धास्ती नको. धोका फक्त दोन वेळांना: पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. समोर दुसरी गाडी नसली की हात आपोआप डावी बाजू धरतात. आणि मारुती-ह्युंदाई चालवून आलेल्यांचा इंडिकेटर उजव्या हाताला असतो, इथे तो डाव्या. लख्ख उन्हात वायपर फिरवत वळणारी गाडी दिसली की आत आपलंच कुणीतरी आहे, असं मी खुशाल समजते.

खरी अडचण वेगळी आहे. मी कोल्हापुरात गाडी शिकले, ती समोरच्याकडे बघून. तो कचरला की आपण पुढे, तो घुसला की आपला ब्रेक. इथे आधी कोण जाणार हे पाटीने किंवा नियमाने ठरलेलं असतं, आणि ज्याचा हक्क तो तुमच्याकडे न बघता जातो. म्हणून प्रत्येक चौकात स्वतःला एकच विचारा: आत्ता हक्क कुणाचा? दुसऱ्याचा असेल तर थांबा. तुमचा असेल तर जा. "जाऊ दे बिचाऱ्याला" म्हणून मध्येच थांबलात तर मागचा वैतागतो, बाजूचा गोंधळतो आणि परवान्याच्या परीक्षेत परीक्षक नापासही करू शकतो.

गल्लीबोळात, विशेषतः ताशी ३० किमीच्या झोनमध्ये, चौकाला पाटी नसते. तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. तो रस्ता कितीही चिंचोळा असो आणि तुम्ही कितीही सरळ जात असा. गंमत म्हणजे आपल्या २०१७ च्या नियमावलीतही विनासिग्नल चौकात उजवीकडच्याला वाट द्या असंच लिहिलंय. तुम्ही कुणाला ते पाळताना पाहिलंय? पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला की तुमचा रस्ता मुख्य, मग बाजूच्या गल्ल्यांसाठी थांबायचं नाही. पाटी नीट लक्षात ठेवा, तोच चौकोन काळ्या रेघांनी खोडलेला असेल तर हक्क संपला.

आता हेडलाइट. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर अर्थ "मी येतोय, तू थांब". इथल्या गावातल्या अरुंद रस्त्यावर तोच डिपर बहुतेक वेळा "या, आधी तुम्ही जा" असा असतो. कायद्यात हा अर्थ लिहिलेला नाही, नुसता रिवाज आहे. त्यामुळे समोरची गाडी खरंच थांबलीय हे बघूनच पुढे व्हा. हॉर्न धोक्यापुरताच, किंवा गावाबाहेर ओव्हरटेक करताना. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' वाचत मोठ्या झालेल्या माणसाला ही शांतता सुरुवातीला अंगावर येते. अपवाद लग्नाच्या वरातीचा: फुलांनी सजवलेल्या गाड्या हॉर्न वाजवत गावभर फिरतात. नियमात तेही बसत नाही, पण लोक हसून हात करतात.

परवान्याचं काम मात्र टाळू नका. इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय परवाना चालतो. निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, म्हणजे भाषांतराची कटकट वाचते. सातव्या महिन्यात गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि तो इथे फौजदारी गुन्हा आहे. जर्मन परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक वर्ग, लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा. ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास आपल्याला सक्तीचे नाहीत, पण परीक्षा स्कूलच्याच गाडीत होते, तेव्हा थोडे तास घ्याच. लेखीला ३० प्रश्न, इंग्रजीतही देता येते. चुकीचे १० गुण चालतात, मात्र पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की थेट नापास. वीस वर्षं गाडी चालवणारे याच परीक्षेत आपटतात, कारण ते अभ्यास करत नाहीत.

रस्त्यावरच्या परीक्षेत नजर वळवणं सगळ्यात महत्त्वाचं. लेन बदलताना, उजवीकडे वळताना, पार्किंगमधून निघताना आरसा पुरत नाही. मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, आणि परीक्षकाला दिसेल असं बघायचं. उजवीकडे वळताना शेजारून सरळ जाणारा सायकलवाला आधी जातो. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर. जागा नसेल तर तिच्या मागे मुकाट चाला. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी ओलांडायच्या बेतात दिसलं तरी थांबा. लक्ष्मी रोडला हाताने गाड्या थोपवत जाणाऱ्या आपल्या आईवडिलांना इथे आणलंत तर त्यांना गाड्या आपण होऊन थांबतात हे पटायला वेळ लागतो; ते परत मागे सरकतात आणि गाडीवाला बिचारा वाट बघत राहतो.

वेगाची पाटी शोधत बसू नका. गावाच्या नावाचा पिवळा फलक आला की ५०, नाव खोडलेला फलक आला की १००. कॅमेरे कुठेही असतात. हातात मोबाइल दिसला तर १०० युरो आणि एक पॉइंट; आठ पॉइंट झाले की परवाना गेला.

ऑटोबानवर, म्हणजे इथल्या एक्स्प्रेस वेवर, मात्र मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेची एकही सवय नेऊ नका. तिथे ट्रक उजव्या लेनमध्ये मुक्काम करतात आणि आपण डावीकडून, मिळेल तिथून निघतो. इथे चालायचं उजव्या लेनमध्ये, ओव्हरटेक डावीकडून, आणि झालं की लगेच परत उजवीकडे. उजवीकडून ओव्हरटेक निषिद्ध. जिथे मर्यादा नाही तिथेही १३० हा सल्ला आहे, पण सगळे तो घेत नाहीत. हिशोब करून बघा: तुम्ही ११० ला, मागून येणारा २०० ला, तर २०० मीटरचं अंतर आठ सेकंदांत संपतं. आरशात ठिपका दिसला तर तो जाईपर्यंत थांबा. ऑटोबानला लागताना जोडरस्त्यावरच वेग पकडा; टोकाला जाऊन थांबणं सगळ्यात वाईट.

वाहतूक तुंबून गाड्या रांगू लागल्या की लगेच, सायरन ऐकू येण्याआधीच, सगळ्यात डाव्या लेनवाल्याने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये अँब्युलन्सची वाट मोकळी ठेवायची. न ठेवल्यास २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर परवाना जप्त. आपल्याकडेही लोक अँब्युलन्सला वाट देतात, जीव तोडून देतात. पण ती मागे येऊन ओरडायला लागल्यावर. इथे ती येईपर्यंत वाट तयार असते. ही एक गोष्ट पुण्यात नेता आली तर मला बाकी काही नको.

किरकोळ पण महागात पडणारं: गाडीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकदार जॅकेट हवंच. पार्किंगची निळी तबकडी (पोहोचल्याची वेळ दाखवायला काचेमागे ठेवतात ती) आल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर लावायची. १०:०५ ला पोहोचलात तर १०:३०. आणि गाडी वाहतुकीच्या दिशेनेच उभी करायची. जर्मनीत कारला टोल नाही, पण ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडला निघालात तर हायवेचा पास (व्हिनेट) आधी घ्या.

जर्मन परवाना हातात पडताना भारतीय परवाना ऑफिसात जमा होतो, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर आमच्याकडे गाडी भाऊच चालवतो. मी शेजारी बसते आणि खंबाटकीच्या वळणावर त्याने हॉर्न दाबला नाही, तर मीच सांगते दाबायला.