एपीके ॲनालायझर: ग्राहकाच्या फोनमध्ये नेमकं काय गेलं ते बघा

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲप फोनवर टाकायची फाइल, आणि ती खरं तर झिप फाइलच. पण नुसती झिप म्हणून उघडली तर मॅनिफेस्ट (ॲपची ओळख आणि परवानग्या) आणि रिसोर्स टेबल (ॲपमधला मजकूर, चित्रं यांची यादी) वाचता येत नाही. दोन्ही बायनरी असतात. अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधला एपीके ॲनालायझर ते वाचता येईल असं दाखवतो. २.२ आवृत्तीपासून तो स्टुडिओतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.

उदाहरण म्हणून नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्रा व्यापाऱ्याचं भाव दाखवणारं ॲप घेऊ. भाषा तीन: मराठी, हिंदी, इंग्रजी.

आधी फाइल बरोबर निवडा. रन दाबल्यावर बनते ती एपीके डीबग (चाचणीपुरती) असते, जोडलेल्या फोनपुरती असते, आणि बहुधा तिच्यावर आर-८ (कोड लहान करून नावं आखूड करणारं साधन) चाललेला नसतो. तिचे आकडे बघून काही उपयोग नाही. बिल्ड मेन्यूतून साइन केलेली रिलीज एपीके बनवा, मग त्याच मेन्यूत ‘ॲनलाइझ एपीके’ निवडून ती उघडा. फाइल ओढून एडिटरमध्ये टाकली तरी चालतं.

वर दोन आकडे दिसतील. रॉ साइझ म्हणजे फाइलचा खरा आकार, डाउनलोड साइझ म्हणजे गूगल प्लेवरून उतरवताना लागणाऱ्या डेटाचा अंदाज. किमान एसडीके (ॲप चालेल ती सर्वात जुनी अँड्रॉइड पातळी) २३ किंवा पुढे असेल तर नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरसाठी बनवलेला कोड) सहसा कॉम्प्रेस न करताच ठेवल्या जातात, म्हणून रॉ आकडा फुगलेला दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर मात्र रॉ आकडाच मोजायचा.

लिब फोल्डरमध्ये प्रोसेसरप्रमाणे उपफोल्डर असतात. एक्स-८६ चे दोन्ही फोल्डर मुख्यतः एम्युलेटरच्या कामाचे; हाताने वाटायच्या एपीकेतून एबीआय (प्रोसेसर प्रकार) फिल्टर लावून ते काढा. तिथंच अलाइनमेंटचा रकाना बघा. अँड्रॉइड १५ किंवा पुढचं लक्ष्य ठेवणाऱ्या ॲपना १६ केबी पेज साइझ (फोन मेमरीचे जेवढे तुकडे करतो तो आकार) चालली पाहिजे, असा प्लेचा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून आहे. इशारा दिसला आणि लायब्ररी तुमची असेल तर एनडीके (नेटिव्ह कोड बनवायची साधनं) आर-२८ वर पुन्हा कंपाइल करा. दुसऱ्याची असेल तर तिची नवी आवृत्ती घ्या.

मॅनिफेस्टवर क्लिक केलं की सगळ्या लायब्रऱ्यांचं मिळून बनलेलं अंतिम रूप दिसतं. तुम्ही न मागितलेली परवानगी, उदाहरणार्थ जाहिरात आयडीची, इथे सापडते. ती कोणी आणली हे प्रोजेक्टमधल्या मॅनिफेस्ट फाइलच्या ‘मर्ज्ड मॅनिफेस्ट’ टॅबमध्ये कळतं. डेक्स फाइलीत (ॲपचा कोड असतो ती) क्लासची नावं ए, बी, सी अशी दिसली तर त्याच बिल्डची मॅपिंग फाइल (आखूड नावांसमोर मूळ नावं देणारी) लोड करा. दुसऱ्या बिल्डची घेतली तर नावं चुकीची लागतील.

आता भाषेचं. ॲप प्लेवर गेलं, व्यापाऱ्याने ॲपमध्येच मराठी निवडली, आणि फोन आला: “भाऊ, हे मराठी होऊनच नाही राहिलं!” तुमच्या एपीकेत तर सगळं ठीक आहे. रिसोर्स टेबल उघडून स्ट्रिंग (मजकूर) निवडली की एमआरचा, म्हणजे मराठीचा, रकाना दिसतो. (नुसता रकाना दिसून भागत नाही. अँड्रॉइड-एक्स या गूगलच्या तयार लायब्रऱ्यांमध्ये त्यांची स्वतःची मराठी असते. तुमच्या एखाद्या स्ट्रिंगच्या ओळीत मराठी मजकूर आहे का ते बघा.)

गोम अशी की प्लेवर आपण एपीके नाही, बंडल (सगळ्या फोनांसाठीचा एकत्र संच) चढवतो, आणि प्ले त्याचे भाषेनुसार तुकडे करतं. फोनच्या सेटिंगमध्ये ज्या भाषा आहेत तेवढेच तुकडे उतरतात. व्यापाऱ्याचा फोन इंग्रजीत, म्हणून मराठी त्याच्याकडे पोचलीच नाही. तुमच्या फोनच्या भाषा-यादीत मराठी असेल तर हा दोष तुम्हाला कधीच दिसणार नाही.

खात्रीसाठी फक्त इंग्रजी भाषा ठेवलेल्या फोनवर ॲप प्लेवरून घ्या. फोन केबलने जोडून एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) शेलमध्ये ‘पीएम पाथ’ला पॅकेजचं नाव द्या. बेस एपीके आणि ‘स्प्लिट कॉन्फिग’ नावाच्या फाइलींची यादी येईल. त्यात एमआरची फाइल नसेल तर दोष सापडला. बेस एपीके एडीबी पुलने संगणकावर आणून ॲनालायझरमध्ये उघडा: तुमच्या स्ट्रिंगसमोर मराठी नसेल.

उपाय ग्रेडल फाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, आहे. अँड्रॉइड ब्लॉकमध्ये बंडल, त्यात लँग्वेज, आणि तिथे ‘एनेबल स्प्लिट’ फॉल्स करा. आता मात्र लायब्रऱ्यांनी आणलेल्या साऱ्या भाषा प्रत्येक फोनवर जातील, म्हणून रिसोर्स कॉन्फिगरेशनमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी एवढ्याच ठेवा. व्हर्जन कोड वाढवून नवं बंडल टेस्टिंग ट्रॅकवर चढवा आणि त्याच इंग्रजी फोनवरून बेस एपीके पुन्हा आणा. ‘कंपेअर’ बटणाने जुन्या बेसशी ताडलं की रिसोर्स टेबल किती वाढलं तेही दिसतं. तुमच्या स्ट्रिंगच्या ओळीत मराठी आली की मगच प्रॉडक्शनवर सोडा.