सिस्टरचं कौतुक करायचंय? मग नेमकं लिहा

नोकरीची शेवटची काही वर्षं मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज होते, सरकारी कागदावर ‘परिसेविका’. टेबलाच्या खणात आभाराची पत्रं साठायची आणि बहुतेकांत एकच ओळ असायची: ‘सर्व स्टाफ प्रेमळ आहे, सहकार्य चांगले मिळाले.’ वाचून बरं वाटायचं. पण मेट्रनबाईंकडे एखाद्या मुलीचं नाव पाठवायची वेळ आली की तो गठ्ठा उपसून हाती काही लागत नसे. कोणत्या पाळीत कोणी काय केलं, याचा पत्ताच नाही.

आधी काय घडलं ते समजून घ्या

पेशंटचं हृदय थांबतं तेव्हा पडद्याबाहेरून नातेवाइकांना नुसती धावपळ दिसते. आत मात्र प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एक जण छाती दाबते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दोन मिनिटांनी दुसरी तिची जागा घेते, कारण हात थकले की दाब उथळ पडतो. एक जण अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, धरते, एक शीर आणि औषधं बघते. डॉक्टर म्हणतात, “ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम.” सिस्टर तेच मोठ्याने परत म्हणते, मग देते, मग वेळेसकट सांगते, “दिलं, दोन बारा.” बाहेरच्याला वाटतं, ही पोपटासारखी का बोलतेय? त्या गोंधळात चुकीचं औषध जाऊ नये म्हणून.

एका मुलाने माझ्याकडे तक्रार केली होती, “बाबांचा जीव जात होता आणि ती बाई नुसती लिहीत उभी होती.” ती वेळ लिहीत होती. ॲड्रेनलिन दर तीन ते पाच मिनिटांनी द्यायचं असतं; शेवटचा डोस कधी गेला हे सांगणारं कुणी नसेल तर सगळ्यांचा अंदाज चुकतो. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात शांत तीच होती.

शांतपणा ओळखायचा तो अशा बारक्या गोष्टींतून. “कुणीतरी सिलिंडर आणा रे” असं ओरडण्याऐवजी तिने वॉर्डातल्या मामांना नावाने हाक मारली का? तुम्हाला बाजूला नेऊन दोन वाक्यांत काय चाललंय ते सांगितलं का? आणि सगळे एका खाटेभोवती असताना बाकीच्या वॉर्डाची सलाईनं कोण बघत होतं? तिचं नाव पत्रात कधीच येत नाही.

लगेच टिपून ठेवा

दोन दिवसांत तपशील पुसट होतो. तारीख, साधारण वेळ, खाट नंबर, पाळी एवढं मोबाइलवर टिपा. नाव नेमप्लेटवरून घ्या किंवा नंतर इन्चार्जना विचारा, फक्त ओव्हर चालू असताना नको. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंट समजावून देत असते, तेव्हा मध्ये बोललं की काहीतरी सुटतं.

पत्र

अर्धं पान पुरे. ‘यांच्यामुळेच जीव वाचला’ असा निकाल आपण देऊ नये, डोळ्यांनी पाहिलं ते लिहावं. उदाहरणार्थ:

‘रात्री दोनच्या सुमारास आई बेशुद्ध पडली. सिस्टर अमुक यांनी हाक मारून ट्रॉली मागवली आणि स्वतः छाती दाबायला सुरुवात केली. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. दुसऱ्या सिस्टरने मला बाहेर बसवून पाणी दिलं. शेजारच्या खाटेवरच्या आजी घाबरल्या होत्या, त्यांच्याजवळ मावशी थांबल्या.’

२६ नोव्हेंबर २००८ च्या, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीचं कामा रुग्णालयातल्या सिस्टर अंजली कुलथे यांचं काम लोकांना का आठवतं? ‘धाडसी’ या विशेषणामुळे नाही. वॉर्डाची दारं लावली, २० गरोदर बायकांना पँट्रीत हलवलं, एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेलं, हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं म्हणून.

पेशंट गेला असेल तरीही लिहा. अशी पत्रं मला मोजकीच आली, आणि तीच मुलींनी झेरॉक्स काढून घरी नेली.

कुठे द्यायचं

सरकारी रुग्णालयात पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहा, प्रत अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनबाईंना. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी कौतुक हवेत विरतं, शिक्का बसलेला कागद सहसा फाइलला लागतो. खासगीत नर्सिंग सुपरिंटेंडेंटना द्या. फीडबॅक फॉर्मवरचे तारे भरून भागत नाही. १२ मे, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्याच्या आधी पत्र पोचलं तर कार्यक्रमात वाचलं जाण्याची शक्यता असते. १९७३ पासून दिला जाणारा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कारही आहे, पण तुमचं काम पत्रापुरतं.

हे टाळा

पैशाचं पाकीट नको, तुमच्या कृतज्ञतेने तिची नोकरी अडचणीत येईल. न विचारता तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. मागच्या खाटेवरचा दुसरा पेशंटही त्यात येतो.

पेढे चालतात. फक्त सकाळी ठेवलेला बॉक्स दुपारच्या दोनलाच रिकामा होतो. तुमचा प्रसंग रात्री घडला असेल तर वेगळा बॉक्स घेऊन रात्री आठनंतर या, आणि मावशी-मामांना धरून मोजा.