शालेय रोबोटिक्स शिकवताय? पदव्युत्तर स्तराचा कोर्स असा निवडा आणि असा पूर्ण करा

रोबोटिक्सचा तास बहुतेक वेळा विज्ञान, गणित किंवा संगणकाच्या शिक्षकांच्या वाट्याला येतो. किट उघडून पहिला रोबो चालवणं दोन दिवसांत जमतं. खरी कसोटी पुढे लागते: तीस मुलं, दहा रोबो, आणि त्यातले चार एकाच वेळी चार वेगवेगळ्या कारणांनी अडलेले. अशा वर्गात उभं राहायला शिकवणारा कोर्स तुम्हाला हवा आहे. नुसतं किट शिकायचं असेल तर कंपनीचे मोफत व्हिडिओ पुरतात.

आधी आपली अडचण लिहून काढा. मागचे तीन-चार तास आठवा आणि नेमकं कुठे अडलं ते लिहा. गिअरची जुळणी, वायरिंग, प्रोग्राम, गटातली भांडणं की गुण कसे द्यायचे? कागदावर तीनदा ‘गुण’ आलं, तर प्रोग्रामिंगचा प्रगत कोर्स तुमच्या कामाचा नाही.

मग क्रेडिटची, म्हणजे कोर्समागच्या कामाच्या मोजमापाची, चौकशी करा. युरोपच्या ईसीटीएस या क्रेडिट मोजण्याच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. अमेरिकेत एका सेमिस्टर क्रेडिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून साधारण ४५ तास धरतात. म्हणजे तिथला तीन क्रेडिटचा कोर्स सुमारे १३५ तासांचा. शाळा सांभाळून एवढा वेळ निघेल का, हे वेळापत्रक समोर ठेवून बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: पदव्युत्तर स्तराचं प्रत्येक क्रेडिट पदवीत धरलं जातंच असं नाही. काही क्रेडिट्स फक्त व्यावसायिक विकासासाठी असतात. ती पदवीसाठी चालतील का हे विद्यापीठाला, आणि वेतनवाढीसाठी चालतील का हे आपल्या शाळेला विचारा. दोन्ही उत्तरं लेखी घ्या, तेही फी भरण्याआधी.

अभ्यासक्रम बारकाईने वाचा. इथे घाई करू नका. कोर्स चुकांशी कसा वागतो, हे मी सगळ्यात आधी बघते. एक साधं उदाहरण घ्या. रोबोने सरळ एक मीटर जायचं आहे. चाकाचा व्यास ५.६ सेंमी, म्हणजे परीघ सुमारे १७.६ सेंमी, म्हणजे जवळपास ५.७ फेरे. मुलं गणित बरोबर करतात, प्रोग्रामही बरोबर असतो. रोबो मात्र ९६ सेंमीवर थांबतो, तोही डावीकडे झुकून. मोटरमधला सेन्सर फेरे मोजतो, जमिनीवरचं अंतर त्याला कळत नाही. चाक घसरलं तरी फेरा मोजला जातो. शिवाय डावं चाक सांगाड्याला किंचित घासत असेल, किंवा दोन मोटरी तंतोतंत सारख्या नसतील. अशा वेळी शिक्षकाने उत्तर सांगून टाकायचं, की ‘दोन्ही चाकं हाताने फिरवून बघ, सारखी सुटी फिरतात का?’ एवढंच विचारून पुढच्या गटाकडे जायचं? हा प्रश्न जिथे तासभर चर्चेला घेतात, तो कोर्स पदव्युत्तर म्हणवून घ्यायला लायक. सेमूर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंग भाषा तयार केली. चूक शोधून ती दुरुस्त करण्यातूनच मूल शिकतं, यावर त्यांचा भर होता. ही बैठक नसलेला कोर्स मला अर्धवट वाटतो.

अख्खा कोर्स एकाच किटवर बेतलेला असेल तर सावध राहा. १९९८ मध्ये आलेली लेगो माइंडस्टॉर्म्स मालिका २०२२ अखेर बंद झाली. ज्यांना फक्त तिची बटणं माहीत होती, त्यांना पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागली. सेन्सरचं वाचन, अटी, गिअरचं गुणोत्तर हे मात्र कुठल्याही किटवर तेच राहतं.

वर्ग चालू असतानाच कोर्स करा. सुट्टीत उरकलेला कोर्स शाळा उघडेपर्यंत पुसट होतो. आठवड्याला एक गोष्ट शिका आणि त्याच आठवड्यात ती वर्गात करून बघा. सोबत एक बिघाड-वही ठेवा: काय झालं, मुलांना काय वाटलं, खरं कारण काय निघालं. माझ्या मते ही वही नोट्सपेक्षा मोलाची. एक नमुना देते:

‘पट्टीवरून चालणारा रोबो. सकाळी प्रकाश-सेन्सरचं वाचन काळ्या पट्टीवर ८, पांढऱ्या जमिनीवर ६२, म्हणून दोन्हींमधली सीमा ३५ ठेवली. दुपारी रोबो पट्टी सोडून गेला. मुलं म्हणाली, प्रोग्राम बिघडला. पुन्हा मोजलं तर खिडकीतून ऊन येत होतं, काळ्यावरच ३८. उपाय: सेन्सर जमिनीच्या जवळ, बाजूने पुठ्ठ्याचा आडोसा, आणि प्रत्येक तासाच्या सुरुवातीला सेन्सरचं वाचन.’

शेवटचा प्रकल्प याच वहीतून काढा. बहुतेक कोर्समध्ये एक पाठमालिका करून द्यावी लागते. वहीतला वारंवार आलेला बिघाड घ्या आणि त्याभोवती चार-पाच तास आखा. मूल्यमापनाच्या तक्त्यात रोबो पोहोचला की नाही याला कमी वजन द्या. गटाने किती शक्यता तपासल्या, एका वेळी एकच बदल केला का, नोंद ठेवली का, याला जास्त. मुलांची छायाचित्रं किंवा कामाचे नमुने जोडणार असाल, तर पालकांची आणि शाळेची परवानगी पहिल्याच आठवड्यात मागा. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी ती मिळत नाही.